विमानात आईला पुढे बसवलं, तर बिघडलं काय?

दत्तचौककर (धागाकर्ती)

मंडळी, आमच्या घरात सध्या एकच वाद चाललाय, म्हणून इथे टाकते.

दादा, वहिनी, त्यांचं दीड वर्षाचं पिल्लू आणि आई असे सगळे मुंबईहून लंडनला गेले. दादाचं तिकीट ऑफिसनं काढलेलं, बिझनेस क्लासचं. बाकीच्यांची त्यानं स्वतःच्या खिशातून काढली, ती इकॉनॉमीची. आईचे गुडघे गेलेत. नऊ-साडेनऊ तास पाय मुडपून बसणं तिला होत नाही. जेवणं आटोपली, दिवे मंद झाले, तसा दादा मागे आला आणि आईला म्हणाला, "तू जा पुढे, आडवी हो जरा. मी बसतो इथं." आई आपली शाल आणि गोळ्यांची डबी घेऊन गेली.

पाच मिनिटं झाली नसतील, क्रूची बाई आईला घेऊन परत. गोड बोलत होती, पण ठाम. म्हणे, तुम्ही हवं तर इथे बसा, यांना मात्र पुढे बसता येणार नाही. दादा तापला. "सीट माझी, मी माझ्या आईला दिली. तुमच्याकडे फुकट काही मागितलं का?" आवाज चढले, आजूबाजूचे उठून बघायला लागले. शेवटी आईच म्हणाली, "राहू दे रे, लोक बघायलेत." उरलेला सगळा प्रवास ती मागेच अवघडून बसली.

बाबा इथे सोलापुरात बसून दादालाच बोलताहेत. मला तर दादाचं काडीचं चुकलेलं दिसत नाही. तुमचं मत सांगा.

कडक_भाकरी

काय चुकलं? पैसे कंपनीला पोचलेत, माणसं तेवढीच, सीटा तेवढ्याच. आईनं बसायचं की मुलानं, हे ठरवणारी ती बाई कोण? आपल्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रोज रात्री निम्मा डबा इकडचा तिकडे होतो. "दादा, खालचा बर्थ द्या, आजीला चढता येत नाही" म्हटलं की माणूस मुकाट्यानं वर चढतो. टीसी कधी आडवा आलाय?

लोअर_बर्थ

भाकरी, त्याच सिद्धेश्वरमध्ये तुमचा टू टायरचा बर्थ स्लीपरमधल्या मेव्हण्याला देऊन बघा, मग टीसी काय करतो ते इथे लिहा. एका डब्यात वरखाली होणं वेगळं आणि क्लास बदलणं वेगळं. रेल्वे कायद्याचं १३८ वं कलम त्यासाठीच आहे. खालच्या क्लासच्या तिकिटावर वरच्यात सापडलात तर भाड्यातला फरक आणि वर दंडाची रक्कम, ती किमान २५० रुपये. "सीट माझ्या भावाचीच आहे आणि तो माझ्या जागी बसलाय" या उत्तराला टीसीच्या वहीत रकानाच नाही.

आमच्या काकांनी वंदे भारतमध्ये हे केलंय. स्वतः एक्झिक्युटिव्हमध्ये होते, कुर्डुवाडीनंतर चेअर कारमधल्या साडूला बोलावून घेतलं, गोल फिरणारी खुर्ची दाखवायला. दाखवून झाल्यावर साडू तिथेच विसावले. पुण्याच्या आत टीसी आला. पुढचं काका कुणाला सांगत नाहीत.

माजी_केबिनक्रू

बरीच वर्षं आंतरराष्ट्रीय फ्लाइट्सवर काम केलंय, आता लग्न होऊन सोलापुरात स्थायिक आहे. ताई, तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं. पण त्या मुलीच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, कदाचित आणखी लवकर.

बाहेरून दिसतं की सीट म्हणजे खुर्ची. आमच्या हातात जी यादी असते तिच्यात सीट म्हणजे एक माणूस असतो. नाव, जेवण, व्हीलचेअर आहे का, तान्हं बाळ आहे का, कशाची ॲलर्जी आहे, हे सगळं त्या नंबरापुढे. समजा रात्री तीन वाजता पुढच्या सीटवर आईंना चक्कर आली. क्रू सीट नंबर बघणार, तर तिथे चाळिशीतला धडधाकट पुरुष. विमानातून जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलतात, तेव्हा वय, आजार, चालू गोळ्या विचारतात. आई स्वतः बोलण्याच्या अवस्थेत नसतील आणि मुलगा मागे कुठल्या रांगेत झोपलाय हे कुणालाच माहीत नसेल, तर तिथे वेळ जातो. इमर्जन्सीत विमान रिकामं करायचं झालं तरी तेच. ज्यांना चालायला मदत लागते त्या माणसांच्या जागा आम्ही उड्डाणाआधीच डोक्यात घोळवून ठेवतो. आईंनी व्हीलचेअर घेतली असेल, तर त्या जिथे असायला हव्यात तिथे नव्हत्या.

दुसरी गोष्ट सामानाची. बिझनेसचं जेवण, गादी, पांघरुणं, ती छोटी पाऊच हे सगळं त्या केबिनच्या माणसांपुरतं चढवलेलं असतं, वर थोडंफार जास्तीचं. दादांनी जेवून घेतलं, त्यांची गादी वापरली, मग आई आल्या. सकाळी नाश्ता कुणाला द्यायचा? बहुतेक घरची माणसं सांगतात, "काही देऊ नका, नुसतं झोपू द्या." आणि तासाभरात बेल वाजते.

तिसरी गोष्ट कंपनी तोंडावर सांगत नाही, मी सांगते. हे चालू दिलं तर चार जणांचं कुटुंब एक बिझनेसचं तिकीट काढेल आणि गड्डा जत्रेतल्या पाळण्यासारखं पाळीपाळीनं बसून घेईल. हसू नका, मी हे होताना बघितलंय.

खालच्या दिशेनं यायला मात्र सहसा कुणी अडवत नाही. दादा मागे येऊन रिकाम्या सीटवर बसले असते, आईंचे पाय दाबत बसले असते, तरी कुणी काही बोललं नसतं.

दत्तचौककर

माजी क्रू, पटलं आणि नाहीही पटलं. जेवण नको होतं, गादी नको होती, फक्त पाय लांब करायचे होते. आणि आजारपणाचं म्हणाल तर पाय पसरायला मिळाले असते तर चक्कर यायचा संबंधच कमी झाला असता. माणुसकी म्हणून काही असतं की नाही?

माजी_केबिनक्रू

असते ना. पण ती आधी विचारणाऱ्याला मिळते. दादांनी चढताना दारातच किंवा उड्डाणाआधी परसरला गाठून सांगायचं होतं, "आईचे गुडघे खराब आहेत, मी तिच्या जागी बसतो, संपूर्ण प्रवासासाठी बदली करता का?" परसर म्हणजे केबिनची प्रमुख. काही कंपन्यांत ती सरळ नाही म्हणते, कारण तिला तो अधिकारच नसतो. काही ठिकाणी ती यादीत नोंद करते, जेवणं बदलते आणि आईंना स्वतः पुढे नेऊन बसवते. ही बदली एकदाच, सुरुवातीला आणि उतरेपर्यंतची. मधल्या प्रवासात, अंधारात, न विचारता केलेली अदलाबदल सापडली की क्रूला नाही म्हणण्यावाचून दुसरं काही उरत नाही. पाच मिनिटांपूर्वी तिनं आणखी कुणाला तरी तेच नाकारलेलं असतं.

त्याहून सोपं म्हणजे चेक-इन काउंटर. तिथे बोर्डिंग पास छापायच्या आधी सगळं बोलता येतं. नाहीच जमलं तर इकॉनॉमीत पहिल्या रांगेची किंवा आयलची, म्हणजे मधल्या वाटेकडची, सीट मागायची. इमर्जन्सी दाराशेजारची मागू नका, गुडघे दुखणाऱ्याला ती देतच नाहीत.

पार्क_चौक

मी कामानिमित्त बऱ्याचदा पुढे बसतो, म्हणून दुसरी बाजू. ऑफिस लाखालाखाचं तिकीट काढतं ते माझ्यावर माया आहे म्हणून नव्हे, तर उतरल्या उतरल्या मीटिंगला बसवायचं असतं म्हणून. शेजारच्या सीटवर रात्रभर कुटुंबमेळा चालला तर माझ्या झोपेचं वाटोळं. एकदा एका गृहस्थांनी दोन पोरांना आळीपाळीनं "बघ कसं असतं" म्हणून आणलं. पहिल्या पोराचं कौतुक वाटलं. दुसऱ्यानं सीट आडवी-उभी करण्याचं बटण शोधून काढलं आणि मग ते बटण आणि तो, दोघांनीही दम खाल्ला नाही.

आणि कंपनीच्या तिकिटावर कोण झोपलं हे कळलं तर काही ऑफिसांत प्रश्न विचारतात, हेही दादांना सांगा.

शेळगीची_सून

सगळे आईंच्या गुडघ्यांवर बोलताय. मला एक विचारायचंय. दीड वर्षाचं पोर मांडीवर घेऊन वहिनी मागे बसली होती ना? जेवणं होईपर्यंत दादा पुढे होता. म्हणजे वहिनीनं एका हातानं पोर धरून दुसऱ्या हातानं जेवण केलं असणार, तेही सासूबाईंना काय हवं नको बघत. मग दादाला मागे यायचं सुचलं, ते आईसाठी. चांगलं केलं. पण वहिनीला पुढे पाठवावं असं कुणाच्याही मनात का आलं नाही? धाग्यात तिचं नाव एकदाच आलंय, प्रवाशांची यादी सांगताना.

कडक_भाकरी

आली, सासू-सून आली. आता धागा शतक गाठणार.

शेळगीची_सून

भाकरी, तुम्ही पोर मांडीवर घेऊन शेवटचा प्रवास कधी केला होता ते सांगा, मग बोलू.

बाळीवेस_वकील

शेळगी ताईंचा मुद्दा रास्त आहे, पण त्यात एक अडचण आहे, तेवढी सांगतो. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं तिकीट त्याला मांडीवर घेणाऱ्या मोठ्या माणसाच्या तिकिटाला जोडलेलं असतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात ते साधारण त्या क्लासच्या भाड्याच्या १० टक्के पडतं. वहिनी इकॉनॉमीत तर बाळही इकॉनॉमीत. वहिनी बाळाला घेऊन पुढे गेल्या असत्या तर एकाऐवजी दोन तिकिटांचा घोळ. शिवाय ऑक्सिजनचे मास्क. एका बाजूच्या सीटांच्या संचाला वरून सीटांपेक्षा साधारण एखादाच जास्तीचा मास्क असतो, म्हणून त्या संचात किती तान्ही बाळं बसवायची याला मर्यादा असते. बाळ दुसऱ्या रांगेत हलवायचं तर हे बघावं लागतं. बाळाला दादाकडे मागे सोडून वहिनी एकट्याच पुढे गेल्या असत्या तर गोष्ट आईंसारखीच झाली असती.

आता "आवाज चढले" याबद्दल. आपल्याकडच्या विमान कंपन्यांना डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे, नियम लागू आहेत. विमानात गोंधळ घालणाऱ्यांच्या तीन पातळ्या केल्यात. तोंडी हुज्जत, दमदाटी ही पहिली, तिला ३ महिन्यांपर्यंत प्रवासबंदी. हात उचलला की दुसरी, ६ महिन्यांपर्यंत. जिवावर बेतेल असं काही केलं की तिसरी, २ वर्षं किंवा त्याहून जास्त. दादांचं प्रकरण यातल्या कशातच बसवलं नाही, म्हणजे क्रू समजूतदार होता. आंतरराष्ट्रीय उड्डाणात १९६३ च्या टोकियो करारानं कॅप्टनला बरेच अधिकार दिलेत आणि क्रू त्याच्याच वतीनं बोलत असतो. तिकीट ज्याच्या नावावर त्याच्यापुरतंच असतं, हे तर प्रत्येक कंपनीच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. "सीट माझी" हा युक्तिवाद तिथे टिकत नाही. सीट कंपनीची, दादांना त्यावर बसून जायची परवानगी.

दत्तचौककर

वकीलसाहेब, कंपनी स्वतः मात्र आपल्याला उचलून कुठेही बसवते, तेव्हा कुठे जातात या अटी?

बाळीवेस_वकील

त्यालाही नियम आहे. तिकीट वरच्या क्लासचं आणि कंपनीनं तुमच्या मर्जीविरुद्ध खालच्यात बसवलं, तर देशांतर्गत प्रवासात करासह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीयला अंतराप्रमाणे ३०, ५० किंवा ७५ टक्के. पण तुम्ही आपणहून खाली येऊन बसलात तर एक रुपया मिळत नाही. शिवाय लहान मुलांचं: १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच बुकिंगमधल्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ बसवा, असं डीजीसीएनं एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय. पोरगं लांबच्या रांगेत पडलं तर दहा लोकांची मनधरणी करू नका, क्रूला सांगा. ते त्यांचं काम आहे.

नवीपेठेतला

गोव्याच्या विमानात उलटंच झालं आमचं. आपलं सोलापूर-गोवा एटीआर आहे, दोन पंखे फिरणारं. सगळी एकच इयत्ता, पुढचा-मागचा प्रश्नच नाही. विमान अर्धं रिकामं, म्हणून बायको आणि मी ऐसपैस वेगवेगळ्या रांगांत जाऊन बसलो. क्रूची मुलगी आली, "उड्डाण होईपर्यंत आपापल्या सीटवर बसा, वजनाचा तोल असतो." मला वाटलं दटावायला काहीतरी सांगतेय.

माजी_केबिनक्रू

खरंच सांगत होती. छोट्या विमानात पुढे किती, मध्ये किती, मागे किती माणसं यावर तोलाचा हिशेब मांडतात आणि वैमानिक त्याप्रमाणे विमान लावून घेतात. दोघांनी फरक पडत नाही, पण सगळ्यांनीच खिडकीसाठी पुढे धाव घेतली तर पडतो. मोठ्या विमानात आई-मुलाच्या अदलाबदलीनं तोल ढळत नाही. ते कारण कुणी लंडनच्या विमानात सांगितलं तर मात्र ती थाप समजा.

होटगी_रोड

अवांतर: सोलापूरच्या धाग्यावर विमानातल्या क्लासबद्दल भांडण, हेच मला अजून खरं वाटत नाहीये. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पडली १५ जून २०२३ ला आणि नियमित विमान उडालं ९ जून २०२५ ला. तोवर आपला वाद फक्त चिमणी पाडावी की नाही एवढाच होता.

लोअर_बर्थ

चिमणीवर दुसरा धागा काढा. इथे सुरू झालं की मग आटपत नाही.

अक्कलकोट_नाका

आम्हाला जमलंय, म्हणून लिहिते. अमेरिकेला जाताना अहोंना पॉइंटवर बिझनेस मिळालं, मला नाही. अहोंना पाठीचा त्रास नाही, मला आहे. मी आधीच ठरवलं होतं की चोरून काही करायचं नाही. चढल्यावर अहोंनी परसरला हात जोडून विचारलं. ती आत जाऊन कुणाशी तरी बोलली, दोघांचे बोर्डिंग पास आणि पासपोर्ट बघितले आणि म्हणाली, "चालेल, पण आता बदललं की उतरेपर्यंत असंच. मध्ये एकमेकांना भेटायला यायचं तर साहेबांनी पडद्याच्या पुढे यायचं नाही, तुम्ही मागे जा." बेल्टसुद्धा तिनं समजावून दिला, तिथे खांद्यावरूनही एक पट्टा येतो. परतीच्या प्रवासात दुसरी कंपनी होती, तिथे हेच विचारलं तर "सॉरी, आमच्याकडे नाही चालत." मग आम्ही दोघं वाद न घालता आपापल्या जागी. अहो पुढे झोपले, मी मागे सिनेमे बघितले. घरी आल्यावर जाऊबाईंनी विचारलंच, "तुम्हाला मागे टाकून ते पुढे?" त्यांना काय सांगायचं!

पार्क_चौक

नाका ताई, हे जाऊबाईंचंच मूळ आहे सगळं. दादालाही बहुतेक गुडघ्यांपेक्षा "मुलगा पुढे आणि म्हातारी मागे, लोक काय म्हणतील" याचीच धास्ती असणार. युरोपियन जोडपी बिनदिक्कत वेगवेगळ्या क्लासमधून जातात, उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी भेटतात. आपल्याला ते उर्मट वाटतं.

शेळगीची_सून

उर्मट नाही वाटत. आपल्याकडे आईला आधी बसवून मग स्वतः बसतात, यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते तिकीट काढताना करावं. दादाला ऑफिसकडून बिझनेस होतं हे महिनाभर आधी माहीत असणार. ऑफिसला विचारून स्वतःचं इकॉनॉमीचं करायचं आणि फरकात थोडी भर घालून आईचं निदान प्रीमियम इकॉनॉमीचं काढायचं. आजकाल बऱ्याच विमानांत हा मधला क्लास असतो, पाय बऱ्यापैकी लांब होतात. नाहीतर पॉइंट आईच्या तिकिटावर वापरायचे. हे सगळं सोडून जमिनीपासून दहा किलोमीटर वर गेल्यावर मातृभक्ती आठवली.

कडक_भाकरी

शेळगी ताई आज फॉर्मात आहेत. तिकिटाचं पटलं. पण एक सांगतो, क्रूनं आईला उठवून हाताला धरून मागे आणायला नको होतं. दादाला पुढे बोलावून बाजूला घेऊन सांगायचं. म्हातारं माणूस सगळ्या विमानासमोरून परत आलं, ते लागतं मनाला. नियम बरोबर, रीत चुकली.

माजी_केबिनक्रू

हे मान्य. आम्हाला शिकवतानाही सांगतात की आधी ज्याच्या नावावर सीट आहे त्याच्याशी बोला. पुढे बसलेल्या माणसाला बहुतेक वेळा काही कल्पनाच नसते, त्याला घरच्यांनी पाठवलेलं असतं.

दत्तचौककर

भाकरी, हेच मला नीट सांगता येत नव्हतं. आई लंडनला पोचल्यापासून फोनवर फक्त एवढंच म्हणतेय, "मला काय ठाऊक बाई, ह्यानं जा म्हटलं, मी गेले."

शेळगी ताई, तुमचा प्रतिसाद मी वहिनीला पाठवला. तिचं उत्तर आलं: "पोर झोपलं होतं म्हणून गप्प बसले, नाहीतर मीच विचारणार होते." परतीचं बुकिंग आता तीच बघतेय. सगळे इकॉनॉमीत, आईला आयल, बाळासाठी पाळण्याची जागा मागून घेतलीय.

लोअर_बर्थ

पाळण्याची सीट म्हणजे समोर भिंत असलेली रांग ना? मग त्याच रांगेत आईंची आयल मिळते का बघा, पुढे कुणाची पाठ रेलत नाही. आर्मरेस्ट मात्र वर होत नाही आणि पर्स वर ठेवायला लावतात.

एकाच क्लासमधल्या अदलाबदलीबद्दल कुणी लिहिलं नाही, तेवढं टाकतो. मागायचं तर बरोबरीचं किंवा जास्त चांगलं देऊन मागावं. मधली सीट पुढे करून खिडकी मागणारे भेटतात. खिडकीला जादा पैसे भरलेत की नाही हे विचारायचीही तसदी नाही. सगळ्यात वाईट म्हणजे आधी बसून घ्यायचं आणि सीटवाला आला की "तुम्ही तिकडे बसता का?" तो बिचारा बॅग डोक्यावर धरून उभा, मागे रांग खोळंबलेली. अशा वेळी नाही म्हणणाऱ्याला कुणी वाईट ठरवू नये. कारण सांगायचीही गरज नाही त्याला.

मोदीखाना_९

उशिरा आलो धाग्यावर. एक शंका. पुढच्या आठवड्यात वडिलांना घेऊन सोलापूरहून मुंबईला विमानानं जायचंय, दवाखान्याचं काम आहे. त्यांचं बिझनेसचं काढलंय, माझं साधं. त्यांना ऐकायला कमी येतं. मध्येच गरज पडली तर मी पुढे जाऊन बसू शकतो का?

माजी_केबिनक्रू

बसू शकत नाही, जाऊन बघून येऊ शकता, तेही क्रूला सांगून. सोलापूर-मुंबईच्या स्टार एअरच्या एम्ब्रेअर विमानात ७६ सीटा असतात, १२ बिझनेस आणि ६४ इकॉनॉमी. इकॉनॉमीतसुद्धा दोन-दोनच सीटा, मधली सीट नसते. विमान उडून वर पोचेपर्यंत उतरायची तयारी सुरू होते. एवढ्यासाठी वडिलांना एकटं पुढे बसवण्यात अर्थ नाही. कस्टमर केअरला फोन करून त्यांचं तिकीट बदलता येतं का आणि किती कापतात ते आजच विचारा, दोघं शेजारी बसा. ऐकायला येत नाही हे बुकिंगमध्ये नोंदवायला सांगा, म्हणजे क्रू सूचना त्यांना समोर येऊन देईल. आणि रिपोर्टची फाइल हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

मोदीखाना_९

फोन केला. बदलून मिळतंय, थोडे पैसे कापले. ५ आणि ६ नंबरच्या रांगेत विचारताहेत, कुठली घेऊ?

माजी_केबिनक्रू

जी दाराजवळ असेल ती.